'रूथ हो' म्हणणाऱ्यांनी नामीही वाचावी

एका वाचक भगिनीचं पत्र:

"प्रभूच्या नावात सलाम. मी चौतीस वर्षांची. कसबा बावड्यात सासूबाई आणि नऊ वर्षांच्या मुलाबरोबर राहते. मिरजेला नर्सिंग केलं, सध्या कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात बहुतेक रात्रपाळीच करते. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळतेय. पगार जवळजवळ दुप्पट, वर क्वार्टर. घरात सांगितल्यापासून सासूबाई धड जेवत नाहीत. दीर मुंबईला असतात, ते फोनवर म्हणाले, 'वहिनी, जरा रूथचं पुस्तक वाचा.' महिला मंडळात शास्त्रपाठही नेमका रूथवर घेतला, आणि सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. एक काकू तर म्हणाल्या, 'अर्पा व्हायचं का रूथ, तुझं तू ठरव.' पुण्याला गेले की मी दुसरं लग्न करीन, अशी सासूबाईंना भीती आहे. माझ्या डोक्यात तसलं काही नाही, पण कधीच नसेल असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गात, शिकवते. मागं याकोबाची गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलानं विचारलं, 'टीचर, फसवलं यानं आणि आशीर्वाद पण यालाच?' मला उत्तर सुचलं नाही. बायबलमधल्या माणसांकडून धडा घ्यायचा म्हणजे नक्की घ्यायचं काय? आणि मी पुण्याला गेले तर पाप होईल का?"

प्रिय ताई, सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. नाही, पाप होत नाही. ही नोकरी घ्यावी असंच माझं मत आहे. का, ते सांगते. आणि सासूबाईंना वाऱ्यावर न सोडता कसं जायचं, तेही.

बायबलमधलं रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं. एका बैठकीत वाचून होतं. तरी आपल्याकडं त्यातली फिरून फिरून दोनच वचनं कानावर पडतात, पहिल्या अध्यायातली सोळावं आणि सतरावं. तू जाशील तिकडं मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. वचनं सुंदरच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती विधवा सून रूथ आपल्या सासूला, नामीला, आपण होऊन बोलली. तिला कुणी मंडळात बसवून बोलायला लावलं नव्हतं. उलट नामी तिला परत जा म्हणत होती, तेही एकदा नाही. तुमच्या दीरांना आणि काकूंना पहिला अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला सांगा. त्या ओळीत दुष्काळ आहे. बेथलेहेमात खायला नाही म्हणून अलीमलेख बायको नामीला आणि दोन मुलांना घेऊन मवाब देशात जातो. म्हणजे ज्या घराचा दाखला देऊन तुम्हाला बावड्यात थांबवलं जातंय, ते घरच पोटासाठी गाव सोडून निघालेलं होतं.

पुढं तिथंच अलीमलेख मरतो, सुमारे दहा वर्षांत दोन्ही मुलंही जातात, आणि तीन विधवा उरतात. यहूदात पुन्हा अन्न मिळू लागल्याचं कळल्यावर नामी निघते, मवाबातल्याच दोन्ही सुना, रूथ आणि अर्पा, तिच्याबरोबर निघतात. वाटेत ती थांबून त्यांना म्हणते, पोरींनो, आपापल्या आईच्या घरी परत जा. तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी प्रेमानं वागलात, परमेश्वर तुमच्याशी तसाच वागो, आणि पतीच्या घरी तुम्हाला विसावा मिळो. नवरे गेलेल्या सुनांसाठी सासूची ही पहिली प्रार्थना, आणि ती त्यांच्या दुसऱ्या संसारासाठी आहे! तुमच्या घरी ज्या गोष्टीची धास्ती घेतलीय, तीच नामी देवाकडं मागते.

अर्पाबद्दल तर बोलायलाच हवं, कारण तिचं नाव तुम्हाला शिवीसारखं फेकून मारलंय. अर्पा रडली, आधी नाही म्हणाली, सासूनं पुन्हा सांगितल्यावर तिचा मुका घेऊन परत गेली. बस्स. शास्त्रात तिच्याविरुद्ध एक शब्द नाही. नामीनं ज्या दोघींच्या चांगुलपणाची साक्ष दिली, त्यात अर्पाही आली. तिला वाईट ठरवायची हौस नंतरच्यांची. यहुदी परंपरेत पुढं तिला थेट दाविदानं मारलेल्या गल्याथाच्या घराण्याची पूर्वज करून टाकलं. सासूचं ऐकून माहेरी गेलेल्या बाईवर एवढा राग कशासाठी, याचा विचार त्या काकूंनी करायला हरकत नाही.

आता मला मुख्य सांगायचंय ते. बायबलमधल्या माणसाकडून धडा घ्यायचा तर आपण ज्या जागी उभे आहोत, त्या जागेवरचं पात्र आधी शोधायचं. सुनेनं रूथ वाचावी, ठीक. पण सासूनं नामी वाचावी, दिरानं आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांनी चौथ्या अध्यायातल्या वेशीवर बसलेल्या पुरुषांना वाचावं. आपण उलटं करतो. आपलं पात्र मिटून ठेवतो आणि दुसऱ्याचं पात्र त्याच्या हातात कोंबतो. दावीद राजा हेच करून बसला होता. उरीयाची बायको आणली, उरीयाला लढाईत मारवलं, आणि मग नाथान संदेष्ट्यानं गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा राजा त्या गोष्टीतल्या श्रीमंतावर संतापला. त्याला मरणदंड द्या म्हणाला. नाथानाला शेवटी तोंडावर सांगावं लागलं की तो मनुष्य तूच. दुसऱ्या शमुवेलचा बारावा अध्याय. गोष्ट ऐकून आपल्याला ताबडतोब शेजारी आठवला, तर ती नीट ऐकलेली नसते.

तर मग तुमचे दीर या गोष्टीत कुठं बसतात? चौथ्या अध्यायात एक जवळचा नातेवाईक येतो. अलीमलेखाची जमीन सोडवून घेणार का, असं बवाज, म्हणजे पुढं रूथशी लग्न करणारा नातलग, त्याला गावातल्या दहा वडीलधाऱ्यांसमोर विचारतो. तो लगेच हो म्हणतो. जमिनीबरोबर रूथचीही जबाबदारी येणार हे कळलं, की म्हणतो, मला जमणार नाही, माझ्या वतनाचं नुकसान होईल. त्या माणसाचं पुस्तकात नावसुद्धा नाही. तुमचे दीर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मुंबईत त्यांची खोली केवढी आणि संसार कसा, मला ठाऊक नाही. पण आईची काळजी हा प्रश्न फोनवरून एक पुस्तक सुचवून वहिनीच्या अंगावर टाकता येत नाही. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विधवेची काळजी घेणं आधी कुणी शिकावं ते लिहिलंय: तिची मुलं आणि नातवंडं. आपल्या देशाचा २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदाही तेच म्हणतो. त्यात 'मुलं' या व्याख्येत मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं येतात, सून येत नाही. तुम्ही सासूबाईंना सांभाळता ते प्रेमानं आणि तसंच चालू ठेवाल, पण ती तुमच्या एकटीची ड्यूटी आहे असं कुणी ऐकवलं तर ते शास्त्रातही बसत नाही आणि कायद्यातही.

दुसऱ्या लग्नाबद्दल तुम्ही जे प्रामाणिकपणे लिहिलंय, तेवढंच पुरे आहे. कुणाला वचन देऊ नका, कुणासमोर खुलासाही करू नका. रूथच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात काढा. नामी म्हणते, माझ्या मुली, तुझं भलं व्हावं म्हणून मी तुझ्यासाठी विसाव्याची जागा बघायला नको का? आणि मग ती स्वतः बेत आखते. अंघोळ कर, तेल लाव, चांगले कपडे घाल, रात्री बवाजाच्या खळ्यावर जा. हा अध्याय आपल्या महिला मंडळांत सहसा मोठ्यानं वाचला जात नाही, दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाच्या शेवटीही स्पष्ट आहे की नवरा मेल्यावर बाई मोकळी आहे, तिनं हवं तर लग्न करावं, फक्त प्रभूमध्ये. आणि आपण तर कोल्हापुरात राहतो. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद असा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकी ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. आपल्यात बांगड्या फोडत नाहीत, म्हणून ख्रिस्ती मंडळी याकडं 'त्यांच्यातला प्रश्न' म्हणून बघतात. बांगड्या नसतील फोडत, पण रूथचं नाव घेऊन बाईला जागच्या जागी बसवतो, ते वेगळं काय आहे?

रूथ घरात बसून राहिली नाही, हेही लक्षात घ्या. बेथलेहेमात पोचल्यावर दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच ती म्हणते, मला सरवा वेचायला जाऊ दे, आणि नामी म्हणते, जा माझ्या मुली. कापणी झाल्यावर रानात पडून राहिलेलं धान्य गरिबानं, परक्यानं, विधवेनं वेचावं, मालकानं रानाच्या कडा झाडून कापू नयेत, असं बायबलमधल्या 'लेवीय' आणि 'अनुवाद' या पुस्तकांत सांगितलेलं होतं. त्या हक्कावर ती परक्या मुलखात परक्या माणसांच्या रानात गेली, जवाच्या कापणीपासून गव्हाची कापणी संपेपर्यंत राबली, आणि संध्याकाळी झोडून आणलेलं सासूसमोर ठेवलं. तुम्ही पुण्यात रात्रपाळी करून बावड्याला पैसे पाठवाल, ते याहून वेगळं नाही. आणि आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत तर हे नवंही नाही. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला आसपासच्या गावांतल्या पोरी शंभरावर वर्षं जात आल्यात. त्या काळात त्यांना कुणी अर्पा म्हटलं असतं, तर आज मंडळात बसणाऱ्या कितीतरी बायकांच्या आज्या चुलीपुढून उठल्याच नसत्या.

आता सासूबाई. इथं मी तुमच्या बाजूनं जरा कमी आणि त्यांच्या बाजूनं जास्त बोलणार आहे.

बेथलेहेमच्या वेशीत बायका जमतात तेव्हा नामी काय म्हणते आठवा. मी भरलेली गेले होते, परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. हे बोलताना रूथ शेजारी उभी आहे! सगळं सोडून बरोबर आलेली सून, आणि सासूच्या हिशेबात ती धरलेलीच नाही. वाचताना राग येतो. पण नवरा आणि मुलगे पुरून आलेल्या बाईला समोरचं दिसत नाही, हेही खरंच आहे. तुमच्या सासूबाई जेवत नाहीत ते तुम्हाला अडवण्यासाठी असेल, तसंच खरोखर घास उतरत नाही म्हणूनही असेल. मुलगा गेला, त्याची खूण म्हणून नातू आहे, तो पुण्याला चालला.

त्यांच्या भीतीला एक व्यवहारी बाजूही आहे, ती बहुधा कुणी बोलून दाखवलेली नाही. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागं बायको-मूल असेल, तर त्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश बायकोचा, दोन तृतीयांश मुलाचा. आईला काही नाही. पुढं तुम्ही लग्न केलंत तरी तुमचा हा वाटा जात नाही. म्हणजे बावड्याचं घर मिस्टरांच्या नावावर असेल, तर सासूबाई आज कागदावर तुमच्या आणि नातवाच्या घरात राहतात, आणि तुम्ही निघालाय. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर हिशेब वेगळा होईल. आधी उतारा काढून बघा. घर तुमचं निघालं, तर त्या हयात असेपर्यंत तिथंच राहतील, असं साध्या कागदावर लिहून दीर आणि मंडळीतले दोन वडीलधारे यांच्या सह्या घ्या. नातवाचा हिस्सा त्यात आहे म्हणून वकिलाला एकदा दाखवलेलं बरं. बवाजानं जमिनीचा प्रश्न दहा जणांना बसवून वेशीवर उघड्यावर मिटवला होता, तो काही भोळा माणूस नव्हता. फाउंड्रीमार्फत भविष्यनिर्वाहाचं पेन्शन तुम्हाला मिळत असेल तर तेही माहीत असू द्या: विधवेचं पेन्शन पुनर्विवाहापर्यंतच असतं, त्यानंतर मुलाच्या नावानं मागता येतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात मला दिसली, तुम्ही ती लिहिलेली नाही. तुम्ही रात्रपाळीला असता तेव्हा मुलाजवळ कोण झोपतं? सासूबाईच ना? पुण्यात कोण झोपणार? मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळी चुकत नाही, आणि नऊ वर्षांचं पोर क्वार्टरमध्ये एकटं ठेवता येत नाही. तुम्हाला त्यांची गरज आहे, ताई, आणि हे तुम्ही त्यांना कदाचित कधी सांगितलेलं नाही. घरात बोलणं झालं ते 'मी जाते' आणि 'तू जाऊ नको' एवढंच. एखाद्या दुपारी, मूल शाळेत असताना, वचनं बाजूला ठेवून त्यांना सरळ म्हणा: आई, मला हे एकटीला जमणार नाही, तुम्ही चला. चौथ्या अध्यायात बायका नामीला म्हणतात, तुझी सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. आणि रूथला झालेलं मूल नामी उराशी धरते, तीच त्याला सांभाळते. त्या मुलाच्या रक्ताचा आणि नामीचा तसा संबंध नाही. तरी शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला.

त्या हो म्हणतीलच असं नाही. सहासष्टीच्या आसपासच्या बाईचं देऊळ, मंडळ, शेजार, भाजीवाली सगळं बावड्यात असतं, आणि पुण्याच्या क्वार्टरमध्ये दिवसभर टीव्ही. (त्यांचं वय मी अंदाजानं धरलंय.) त्यामुळं सगळं एकदम ठरवू नका. क्वार्टरमध्ये सासूला ठेवायला परवानगी आहे का, ते हॉस्पिटलला आधी लेखी विचारा, पुष्कळ ठिकाणी नियम आडवे येतात. मग दोन-तीन महिने येऊन बघा म्हणा, नाही करमलं तर परत. कोयना, महालक्ष्मी एक्स्प्रेस आहेत, एसटी आहे, काही तासांचाच रस्ता. त्या बावड्यातच राहिल्या तर महिन्याला किती रक्कम तुम्ही द्यायची आणि किती दिरांनी, हा आकडा ठरवून घ्या. 'जमेल तसं पाठवतो' यावर थांबू नका. आणि पुण्यात मुलाला रात्री सांभाळणारी खात्रीची व्यवस्था लागेपर्यंत रुजू होऊ नका, वाटल्यास महिनाभर मुदत मागा. शाळेचा दाखला वर्ष संपल्यावर काढा, मध्येच नको.

मंडळातल्या काकूंना उत्तर द्यायची गरज नाही. फारच झालं तर पुढच्या शास्त्रपाठाला तिसरा अध्याय घ्या म्हणून सुचवा, आणि वाचायला त्यांनाच उभं करा.

राहिला तुमचा शब्बाथशाळेतला विद्यार्थी. हुशार आहे पोरगं. त्याचा प्रश्न बरोबर आहे, फक्त गोष्ट तिथं संपत नाही, आणि आपण मुलांना ती तिथं संपवून सांगतो. बायबलमधला निवेदक सहसा मध्ये येऊन 'हे वाईट झालं' म्हणत नाही. तो माणसाला पुढं जगू देतो आणि आपल्याला बघायला लावतो. याकोबानं थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद मिळवायला आंधळ्या बापाला फसवताना हातावर आणि मानेवर करडांची कातडी बांधली, अंगात एसावाचे कपडे घातले. पुढं काय झालं? घर सोडून पळावं लागलं. आई म्हणाली होती, थोडे दिवस जा. तिची आणि त्याची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख कुठं नाही. मामा लाबानानं लग्नात अंधारात राहेलीच्या जागी तिची बहीण लेआ दिली आणि चाकरीची सातची चौदा वर्षं करून घेतली. म्हातारपणी त्याच्याच पोरांनी आपल्या भावाचा, योसेफाचा, झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढं टाकला आणि विचारलं, ओळखा, हा तुमच्या मुलाचा का? बापाला कपड्यानं आणि बकऱ्यानं फसवलेला मुलगा, बाप झाल्यावर कपड्यानं आणि बकऱ्यानंच फसला. फारो राजापुढं तो स्वतः सांगतो, माझ्या आयुष्याची वर्षं थोडी आणि दुःखाची झाली. तेव्हा तो एकशे तीस वर्षांचा होता.

आणि आशीर्वादाचं म्हणाल तर थोरला धाकट्याची सेवा करील, हे आई रिबकेला दोघं पोटात असतानाच सांगितलं होतं. मिळणारच होतं, ते याकोबानं चोरून घेतलं आणि चोरीची किंमत वेगळी भरली. हे त्या मुलाला सांगा, पण व्याख्यान देऊ नका. वर्गाला एकच काम द्या: उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या आणि सदतिसाव्या अध्यायात करडू आणि बकरा कुठं कुठं येतो, ते शोधून आणा. मुलं बरोबर शोधतात.

दाविदाचंही तसंच शिकवा, गल्याथावर थांबवू नका. मोठ्या मुलांना नाथानापर्यंत न्या. आणि मुलींसमोर फक्त रूथ आणि एस्तेर ठेवू नका. मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागणाऱ्या सलाफहादाच्या पाच मुलीही 'गणना' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहेत, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं परमेश्वरच मोशेला सांगतो.

तुमच्या जागी वर्ग कोण घेणार, ते मात्र पाळकसाहेबांशी आत्ताच बोलून ठेवा. जूनमध्ये ऐन वेळी शिक्षक मिळत नाहीत.